चेहरे सोडून सगळं

“इकडे बघा, हनुवटी जरा खाली, हां, स्माइल!” मिरजेत बाबांच्या स्टुडिओत हे वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकत मी मोठी झाले. पासपोर्ट साइझच्या आठ कॉप्या, स्थळाला पाठवायचा उभा फोटो, बारसं, साखरपुडा, झालंच तर एन्लार्ज करून हार घालायला दिलेले कुणाचे तरी आजोबा. फोटो म्हणजे चेहरा, यापलीकडे आमच्या घरात कुणी विचार केला नव्हता. त्यामुळे स्विंडनमधल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात, चहाचा कप माझ्याकडे सरकवत समोरच्या बाई म्हणाल्या की मुलांचे चेहरे फोटोत येता कामा नयेत, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग फोटोग्राफीत शिकवायचं काय? भिंती?

स्विंडन लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने तासाभरावर. गाव वाढलं ते रेल्वेच्या कारखान्यामुळे. १८४३ साली सुरू झालेला तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. इंग्लंडात बाकीच्यांना हे गाव ठाऊक असतं ते ‘मॅजिक राउंडअबाउट’मुळे. पाच छोट्या चक्रांचं मिळून एक मोठं चक्र, तिथे गाडी घालताना माझा नवरा अजूनही बोलायचा थांबतो. मला मात्र गाव आपलंसं वाटलं ते गोवेकरांमुळे. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची शेकडो कुटुंबं इथे राहतात, बरीचशी गोदामांत शिफ्ट करणारी. बसस्टॉपवर कोंकणी कानावर पडते आणि क्षणभर आपण मडगावच्या स्टँडवर असल्यासारखं होतं.

आम्ही आलो नवऱ्याच्या नोकरीपायी, मी डिपेंडंट व्हिसावर. पुण्यातली नोकरी सोडलेली, इथली मिळेना, दुपारी तीनला घराबाहेर पडलं की शाळेतून सुटलेली पोरं दिसायची. शाळेच्या फाटकावर एक कागद लावला होता: शाळा सुटल्यानंतरच्या क्लबांसाठी स्वयंसेवक हवेत. बुद्धिबळ, विणकाम, काहीही चालेल. मी मेल टाकला, फोटोग्राफी चालेल का? चालेल म्हणाले. हे सप्टेंबरात. प्रत्यक्ष वर्गात पाय ठेवला तो जानेवारीत.

मधले चार महिने कागदपत्रांत गेले. इथे मुलांबरोबर काम करायचं तर डीबीएस नावाची तपासणी लागते, म्हणजे तुमच्या नावावर काही गुन्हा नाही ना, ते सरकार बघतं. स्वयंसेवकांना तिची फी पडत नाही, एवढीच त्यातली गोड गोष्ट. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्यावे लागतात. कोथरूडची भाड्याची खोली आठवली, पण मिरजेचा पत्ता त्या फॉर्मात बसेना. ‘दर्ग्याच्या मागे, अमक्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर’ याला तिथे रकानाच नाही. त्यात मी एवढी वर्षं भारतात राहिलेली, म्हणून तिकडचा पोलिसांचा दाखलाही हवा. पीसीसीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो (या वेळी स्माइल नको, अशी सक्त ताकीद), पुन्हा वाट. मिरजेत शेजारच्या काकूंनी आईला फोन करून विचारलं, “पोलीस येऊन गेले म्हणे, तिकडे काही झालं का हो?” आईने जे काय सांगायचं ते सांगितलं, पण गल्लीत दोन दिवस मी चर्चेत होते.

मग ऑनलाइन प्रशिक्षण. मुलाबरोबर खोलीत एकटं थांबायचं नाही. मुलाने काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. स्वतःचा फोन ऑफिसातल्या कपाटात ठेवायचा आणि गळ्यात बिल्ला घालूनच आत जायचं. हे सगळं मला पटलं, आजही पटतं. आपल्याकडे शाळेत असा विचार व्हायला हवा होता असं वाटण्याजोगे एक-दोन प्रसंग माझ्याही आठवणीत आहेत. अडलं ते चेहऱ्यांपाशी. माझ्या बारा मुलांपैकी काहींच्या पालकांनी फोटोला संमती दिलेली नव्हती. कारण विचारायचं नसतं. कोण ती मुलं, हे बाकीच्यांना कळूही द्यायचं नसतं. मग उपाय एकच उरला, नियम सगळ्यांनाच लावायचा.

कॅमेऱ्यांसाठी मी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन केलं. फोन आल्यापासून प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक छोटा डिजिटल कॅमेरा मेलेला पडलेला असतो. अकरा आले, सात चालले. चार्जर एकाचा दुसऱ्याला लागत नव्हता. एका कार्डात कुणाचा तरी महाबळेश्वरचा हनिमून निघाला, अगदी स्ट्रॉबेरी भरवण्यासकट. मी डोळे मिटून फॉरमॅट केलं आणि मग त्या काकांना कळवलं. ते म्हणाले, “अहो ताई, आम्ही दहा वर्षं शोधतोय ते!” माझी आता त्यांच्या घरच्या गणपतीला जायची हिंमत होत नाही.

पहिला तास सपशेल फसला. मी फळ्यावर अॅपर्चर (म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक), शटर, आयएसओ असा त्रिकोण काढला. इयत्ता पाचवीची, नऊ-दहा वर्षांची मुलं, सहा तास शाळा करून दमलेली. पाचव्या मिनिटाला एकाने विचारलं, “मिस, बटण कधी दाबायचं?” दहाव्या मिनिटाला एक जण टेबलाखाली. वर्गावरच्या साहाय्यक बाई सगळा वेळ माझ्या शेजारी असायच्या. त्यांनी फक्त भुवई उचलली. दुसऱ्या आठवड्यात मी खडू हातात घेतला नाही. कॅमेरे वाटले आणि सांगितलं, शाळेत कुठेही जा, माणूस सोडून कशाचाही फोटो काढा.

“माणसाचा का नाही?” एका मुलीने लगेच विचारलं.

“कारण ते फार सोपं असतं,” मी ठोकून दिलं. बाबांनी ऐकलं असतं तर मला डार्करूममध्ये कोंडलं असतं.

आणखी एक अडचण होती. कार्डं शाळेच्या कपाटात कुलुपात राहायची. मुलांनी काढलेले फोटो मला घरी नेता येत नव्हते, त्यामुळे निवड वर्गातच, सगळ्यांसमोर, प्रोजेक्टरवर करायची. मला आधी हा जाच वाटला. स्टुडिओत निवड बाबा एकटेच करायचे, निगेटिव्ह दिव्यासमोर धरून, कुणाला न विचारता. इथे बारा जणांची पंचायत बसायची. पहिल्या दिवशीचे बहुतेक फोटो रेडिएटर, रेडिएटर, स्वतःचा बूट, रेडिएटर असे. मग पडद्यावर एक फोटो आला. कोट अडकवायच्या खुंट्यांची लांब रांग, शाळा सुटून गेल्यामुळे सगळ्या रिकाम्या, आणि शेवटच्या खुंटीवर लहानसा एकच हातमोजा.

मी म्हटलं, “छान आहे. हा कशाचा फोटो आहे?”

काढणारा मुलगा वर्गात क्वचितच बोलायचा. तो म्हणाला, “कशाचा नाही मिस, कुणाचा. जो विसरला त्याचा.”

वर्ग एकदम गप्प झाला. मला उत्तर सुचेना. मी पुढची स्लाइड टाकली, तर पुन्हा रेडिएटर.

त्या दिवसापासून आमचा खेळच तो झाला. माणूस न दाखवता माणूस दाखवायचा. सावल्या, बोटं, चिखलातले ठसे, अर्धवट खाल्लेलं सफरचंद, वाफ धरलेल्या काचेवर कुणी काढलेलं बदक. मुख्याध्यापकांचा फोटो म्हणून एकीने त्यांच्या दाराचं हँडल आणलं. हँडलवरचं पितळ बरोबर एका जागी झिजलेलं होतं, आणि ते खरोखर त्यांच्यासारखं दिसत होतं. मी स्वतः वीस वर्षं कॅमेरा हातात धरला असेन, पण दाराच्या हँडलकडे कधी पाहिलं नव्हतं.

मला मुळात शिकवायची होती ती अंधारी खोली. कॅमेरा हे यंत्र नंतरचं, आधी नुसती खोली होती, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं असं वाटायचं. जानेवारीत प्रयत्न केला. खिडक्यांना काळा कागद, त्यावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, फटी चिकटपट्टीने बंद आणि मधोमध पाच पेन्सच्या नाण्याएवढं भोक. आमचा तास सव्वातीनला सुरू व्हायचा. इथे त्या दिवसांत साडेचारला दिवे लागतात आणि आभाळ तर सकाळपासूनच उतरलेलं असतं. बारा मुलं आणि दोन बाया दहा मिनिटं काळोखात बसलो. काहीही दिसलं नाही. कुणीतरी भुताचा आवाज काढला आणि दिवा लावावा लागला.

मार्चमध्ये एका लख्ख दिवशी साहाय्यक बाईच म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत करून बघू या का? पुन्हा काळा कागद, पुन्हा पिशव्या. दार लावलं. आधी नुसतं काळं. “थांबा,” मी म्हणत होते, “डोळ्यांना सवय होऊ दे.” मग समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं. वर हिरवट पट्टा, खाली निळसर, आणि त्या हिरव्या पट्ट्याला पाय चिकटवून उलटी लोंबकळत धावणारी माणसं. बाहेरच्या मैदानावर चाललेला फुटबॉल आमच्या भिंतीवर चालला होता, रंगीत, उलटा, आवाजाशिवाय. चेंडू वर लाथाडला की खाली यायचा. कुणी ओरडलं नाही. मग एक मुलगा उठला, भिंतीकडे पाठ केली, वाकून आपल्याच दोन पायांमधून बघायला लागला आणि म्हणाला, “आता बरोबर आहे.” मिनिटभरात बाराही जण तसेच वाकलेले. तेवढ्यात ढग आला आणि भिंत विझत गेली.

अॅपर्चर काय ते मला त्यानंतर समजावून सांगावं लागलं नाही. “भोक लहान केलं तर?” असं त्यांनीच विचारलं.

हातमोजावाला मुलगा गोव्याचा आहे हे मला मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. आडनावावरून अंदाज यायला हवा होता, पण वर्गात सगळे पहिल्या नावाने. ते कळलं ती गोष्ट लॅकॉकची.

लॅकॉक हे विल्टशरमधलं खेडं, आमच्यापासून तीस-बत्तीस किलोमीटरवर. तिथल्या जुन्या मठात हेन्री फॉक्स टॅलबट राहायचा, फोटोग्राफी शोधून काढणाऱ्यांपैकी एक. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याने घरातल्या दक्षिणेकडच्या गॅलरीतल्या खिडकीचा फोटो घेतला. त्याची निगेटिव्ह आजही टिकून आहे, आज हाती असलेल्या निगेटिव्हांमध्ये सगळ्यात जुनी. त्याने सुताराकडून छोट्या लाकडी पेट्या करवून घेतल्या होत्या आणि घरभर ठेवून दिल्या होत्या. त्याची बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. आमच्याकडे आई बाबांच्या फिल्डकॅमेऱ्याला ‘ती तिरडी’ म्हणायची, म्हणजे बायकांचं मत दोन्हीकडे सारखंच. हे सगळं गावापासून अर्ध्या तासावर असताना मुलांना दाखवायचं नाही हे मला सहन होईना. सहलीसाठी धोक्यांचा तक्ता भरावा लागला. नदी, जिने, मधमाश्या, शेंगदाण्याची ॲलर्जी. मी स्वतःहून ‘पाऊस’ लिहिलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “पाऊस हा धोका नाही, हवामान आहे.”

पिवळी जाकिटं घातलेली बारा मुलं त्या खिडकीसमोर उभी केली. मुलांना खिडकीपेक्षा खालच्या ओवऱ्यांत झालेल्या जादूगारांच्या सिनेमाच्या शूटिंगमध्ये जास्त रस होता, हे कबूल करते. मी निगेटिव्हचं चित्र खऱ्या मापात छापून आणलं होतं, जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढं. “एवढंच?” सगळ्यांचा विरस. मग सांगितलं की टॅलबटला चित्र काढता यायचं नाही. इटलीत कोमो सरोवराकाठी चित्र काढायला बसला, भिकार आलं, आणि त्या रागातून त्याला सुचलं की प्रकाशाकडूनच काढून घेता आलं तर? चित्रकलेत रडणारी दोन पोरं हे ऐकून ताठ झाली. मग शेवटचं सांगितलं. त्या तिकिटाएवढ्या कागदाशेजारी त्याने लिहून ठेवलंय, की ताजी असताना खिडकीच्या काचांचे सुमारे २०० चौकोन भिंगाने मोजता येत होते.

बस, सगळे मोजायला लागले. काचा छोट्या, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या, नजर ठरत नाही. इंग्रजीत गलका चाललेला. माझ्या कोपराजवळ कुणीतरी अगदी हळू, बोट हवेत हलवत मोजत होतं: “...सात, आठ, णव, धा.”

मी खाली बघितलं. “अकरा,” मी म्हटलं.

त्याने दचकून वर पाहिलं. मग म्हणाला, “इकरा.” त्याची आजी त्याला जेवताना घास मोजून भरवायची, तेव्हापासून आकडे कोंकणीतच येतात, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. आई-बाबा दोघेही रात्रपाळीला, घरी आजी. आमचे दोघांचे मिळून शंभराच्या पुढे गेलेले चौकोन तिथेच विसरले.

परत येताना बसमध्ये मला बाबांचा हायपोचा ड्रम आठवत होता. हायपोने चित्र कायमचं टिकतं हे टॅलबटला १८३९ मध्ये जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने सांगितलं, आणि मिरजेत बाबा तेच द्रावण काठीने ढवळत आकाशवाणी सांगलीवरची गाणी गुणगुणायचे. त्यांना हर्शलचं नाव माहीत नव्हतं, मलाही या सहलीची तयारी करेपर्यंत नव्हतं.

जूनमध्ये सायनोटाइप केले. ही पद्धतही हर्शलचीच, १८४२ ची. लोखंडाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा, ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो आणि झाकलेला पांढरा राहतो. ब्लू प्रिंट हा शब्द याच्यातूनच आला. रसायनं शाळेत आणायची म्हटल्यावर इतके फॉर्म पुढे आले की मी तयार लावलेला कागद विकत घेतला. दाबायला काच चालत नव्हती, प्लॅस्टिकचा पत्रा घेतला. ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून याच पद्धतीने समुद्रातल्या शेवाळांचं अख्खं पुस्तक केलं, हे सांगितल्यावर पहिल्या दिवशीच्या त्या ‘का नाही’वाल्या मुलीने विचारलं, “मिस, तुमच्या देशात बायका फोटो काढायच्या?” पुढच्या आठवड्यात मी आपल्याकडच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावालांची गोष्ट नेली. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून हिंडणाऱ्या, आणि गाडीचा नंबर डीएलडी १३ म्हणून ‘डालडा १३’ नाव पडलेल्या. डालडा म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

मुलांनी पानं आणली, नेचे, पिसं, चाव्या. गोव्याच्या मुलाने पिशवीतून क्रोशाचा रुमाल काढला, ताटलीएवढा, आजीने विणलेला. टॅलबटनेही लेसचे असेच ठसे घेतले होते, पण ते मी त्याला सांगितलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं होतं. जूनचं ऊन, दहा मिनिटांत कागद हिरवट-पिवळ्याचा राखाडी झाला. “आता रुमाल काढ आणि कागद पाण्यात,” मी म्हणेपर्यंत त्याने घाईत रुमालासकट कागद टबात बुडवला. कागदावर क्रोशाची प्रत्येक साखळी पांढरी उमटली होती. रुमालाचा एक कोपरा मात्र निळा झाला.

त्याचं तोंड बघवेना. मी परवानगी काढून रुमाल घरी आणला आणि साबणाची पावडर टाकून धुतला. निळं गेलं, त्या जागी पिवळा गंजासारखा डाग आला. अल्कलीने ते निळं मोडतं आणि लोखंड उरतं, हे नंतर कळलं. तसाच परत दिला, चिठ्ठीसकट. चिठ्ठी इंग्रजीत लिहावी की मराठीत यावर अर्धा तास घालवून शेवटी दोन्हीत लिहिली.

जुलैत सुट्टी लागण्याआधी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावलं. फोटोखाली नावं लावायची नव्हती, नुसते नंबर. त्यावर मुलं नाराज होती, मीही होते. पण कुठला कुणाचा हे प्रत्येकाच्या घरच्यांना बरोबर कळत होतं, कारण त्यांची पोरं त्या फोटोसमोरून हलतच नव्हती.

सात नंबरसमोर एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, फ्रॉक, वर स्वेटर, हातात पर्स घट्ट धरलेली. नातू शेजारी. मी जाऊन मराठीत म्हटलं, “मावशी, रुमालाचं वाईट वाटलं हो. डाग पडला.” त्यांनी मान हलवली. त्यांचं कोंकणी आणि माझं मराठी मध्ये कुठेतरी भेटत होतं. लिंबू चोळून, मीठ लावून उन्हात घातला, गेला डाग, असं काहीतरी त्या म्हणाल्या. लक्ष माझ्याकडे नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्या निळ्या कागदाच्या अगदी जवळ गेल्या आणि बोट न टेकवता गोल गोल फिरवत राहिल्या, ओठांत मोजत. एका जागी बोट थांबलं.

“हांगा टांको चुकला,” त्या नातवाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा रागानेच, “इतकी वर्सां कोणाक दिसूंक नाशिल्लो.”